अस्वलाची किल्ली

मास्तर निवृत्त झाले तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हा माणूस स्वस्थ बसेल. मास्तर कसले बसतात! ते कॉम्प्युटर शिकायला लागले.

मुलांना गणित शिकवणारं एक सॉफ्टवेअर होतं. ते कुठल्या कंपनीचं नव्हतं. वीस-पंचवीस हौशी माणसांनी आपापल्या घरी बसून, फावल्या वेळात लिहिलेलं. कुणीही फुकट वापरावं, आत डोकावावं, दुरुस्ती सुचवावी. फक्त ती आत घ्यायची की नाही, हे ज्याच्याकडे किल्ली, तो ठरवणार. किल्ली म्हणजे एक परवानगी, आणि ती एकाच माणसाकडे होती. तो स्वतःला ‘अस्वल’ म्हणवून घ्यायचा. त्याचं खरं नाव मास्तरांना ठाऊक नव्हतं, चेहराही नाही. पण सहा वर्षं रोजचं बोलणं होतं, लिहून. मास्तरांना प्रोग्रॅमिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तेव्हा अस्वलानेच त्यांना बोट धरून शिकवलं.

“मास्तर, कंस उघडलात तुम्ही. बंद कुणी करायचा, शेजाऱ्यांनी?”

“राहिला रे. छडी मार.”

“छडी नको. पुन्हा एकदा बघा, सापडेल तुमचं तुम्हालाच.”

आणि सापडायचा. “चाळीस वर्षं शिकवलं मी,” मास्तर बायकोला म्हणायचे, “पण न दुखावता चूक दाखवायची कशी, ते या पोराकडून शिकलो.”

त्या वर्षी मास्तरांनी जीव ओतून, पडद्यावर गोट्या वाटून शिकवणारा भागाकाराचा धडा तयार केला. शाळा उघडायच्या आत तो मुलांपर्यंत पोचायला हवा होता. पाठवला. अस्वल गप्प. या मंडळींच्या रिवाजाप्रमाणे मास्तर दर आठवड्याला आठवण करत राहिले. “अस्वलराव, झोप झाली का?” मग, “हिवाळा संपला हो.” दोन महिने गेले. शाळा उघडल्या.

“अहो, आजारीबिजारी असेल,” बायको म्हणाली.

“बरं नाही, एवढे दोन शब्द टाकायला काय हात मोडलेत?”

असल्या कामात बिनसलं, की सगळ्याची नक्कल उचलून वेगळी चूल मांडता येते. कुणी अडवू शकत नाही. मास्तरांनी मांडली. सगळ्यांना दिसेल असं लिहिलं : “ज्याला वेळ नाही, त्याने दार अडवून बसू नये. यायचं त्यांनी माझ्याबरोबर या.” नऊ जण आले. आणि रागाच्या भरात मास्तरांनी जुन्या घराकडून येणारे सगळे निरोप बंद करून टाकले. त्यांची तोंडं बघायची नव्हती त्यांना.

तीन आठवड्यांनी सकाळी फोन वाजला.

“मास्तर का? मी अस्वलाची बहीण. तो गेला हो, परवा.”

मास्तरांना खुर्ची सापडेना.

“जवळजवळ तीन महिने हॉस्पिटलात होता. हात चालत नव्हते त्याचे. तुमचे निरोप मीच वाचून दाखवायचे. हिवाळा संपला, त्यावर किती हसला!”

“कळवलं का नाहीत मला?”

“मी म्हणायचे, कळवू या. तर म्हणे, मास्तर धडा सोडून माझ्याच काळजीत बसतील.”

“आणि ते... शेवटचं मी लिहिलेलं?”

“वाचलं. म्हणाला, बरोबर आहे त्यांचं. त्याच दिवशी माझ्याकडून किल्ली पाठवली तुम्हाला. मग रोज विचारायचा, मास्तरांनी घेतली का? मला त्यातलं काय कळतंय? मी म्हणायचे, घेतली असेल. तेव्हा त्याने स्वतःचं खातंच बंद करायला लावलं मला. म्हणाला, आता मास्तर आहेत.”

फोन कानाशी धरूनच मास्तरांनी बंद केलेले निरोप उघडले. किल्ली स्वीकारायचं निमंत्रण होतं. खाली राखाडी अक्षरांत : ‘सात दिवसांत न स्वीकारल्याने रद्द.’ ते पुन्हा पाठवू शकणारा एकच माणूस होता. जुनं घर आता कायमचं बंद झालं होतं. काचेतून बघता येईल, आत एक अक्षर हलवता यायचं नाही.

“मिळाली ना, मास्तर?”

चूक झाली की कबूल करावी, मन हलकं होतं, असं मास्तरांनी जन्मभर मुलांना सांगितलं होतं.

“मिळाली, ताई.”

तिचा श्वास सुटलेला त्यांना ऐकू आला. “बरं झालं बाई. मग तुमचा तो धडा घ्या आत. त्याने त्यात एक चूक काढून ठेवली होती. त्याला बोलायला त्रास व्हायचा, मी दोन दिवस थोडी थोडी लिहून घेतली. बाकी उरली की गोट्या लगेच नाहीशा होतात म्हणे, मुलाला मोजायला वेळ मिळत नाही. पुढे बरंच आहे. सांगू?”

मास्तरांनी कागद पुढे ओढला. अक्षरं दिसत नव्हती, तरी पेन टेकवलं.

“सावकाश सांगा,” ते म्हणाले. “लिहून घेतो.”