ओलमेरच्या कोशातला एक शब्द

निळी रेघ... रेघ नव्हे, अक्षरं. शिवणाच्या खडूपेन्सिलीची असतात तशी मेणचट, कडेला जरा फिसकटलेली, बोट फिरवलं तर बोटाला लागणारी. नवव्या वहीत, कोशाच्या पानावर, कधीकाळी त्याने स्वतःच रिकाम्या सोडलेल्या तीन ओळींत कोणीतरी एक शब्द लिहून ठेवला होता – लुहाने. पुढे अर्थ नाही. फक्त ओलमी भाषेतलं एक वाक्य, आणि तेही बिनचूक: 'लुहाने रोज दुपारी असतो, पण तो सांगायचा नसतो.'

त्याने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. बाकीचे सगळे शब्द त्याचेच होते, हाताने घडवलेले, लाडके. त्यांच्यामध्ये हा एक पाहुणा पाय पसरून बसला होता. ओलमेरच्या, म्हणजे त्याने वह्यांत वसवलेल्या देशाच्या, सहाशे बारा वर्षांच्या इतिहासात चौदा परचक्रं आली होती, पण ती सगळी त्यानेच आणलेली, तारीखवार, शत्रूच्या सेनापतीला सर्दी होती की नाही इथपर्यंत ठरवून. हे पंधरावं न कळवता आलं होतं.

घरात निळी खडूपेन्सिल वापरणारी व्यक्ती एकच. तरी त्याने रीतसर चौकशी मांडली. मेहुणा? – मागच्या आठवड्यात येऊन गेला, पण तो वर्तमानपत्रसुद्धा चित्रांपुरतं वाचतो. मुलगी? – ती दूर, दुसऱ्या गावी, आणि तिचं अक्षर तिचं तिलाही लागत नाही... चौकशी संपली. पलीकडच्या खोलीत शिलाई मशीन एका लयीत चाललं होतं, आणि ते अजिबात अपराधी वाटत नव्हतं.

बायकोचा समज असा, की तो अजून 'खात्याचं काही राहिलेलं' करतो – म्हणजे तसा तिचा समज आहे असा त्याचा समज होता. नकाशा-खात्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सरकारी काम संपलं असं म्हटलं तरच लोक संशयाने बघतात. त्या आडोशाला ओलमेर वाढला. अठरा वह्या झाल्या. भाषा झाली, तिच्यात वरिष्ठांना अकरा शब्द झाले, त्यांतला एक 'ऐकून घेण्याआधीच नाही म्हणून मान हलवणारा' यासाठी खास. आणि घटना झाली, तिचं पहिलंच कलम असं: एकदा लिहिलेलं खोडायचं नाही, चूक झाली तर तिला इतिहास द्यायचा. शाईचा डाग पडला, ते बेट झालं. तिसऱ्या राजाच्या मृत्यूची दोन सालं पडली, तेव्हा राजा दोनदा वारला. दुसऱ्या वेळी गर्दी बेताचीच होती.

हे कलम आलं कुठून... ते पातं. साहेबांचं. नोकरीच्या चौथ्या वर्षी पाहणीला गेला असताना त्याने एक ओढा पाहिला होता, पाहिला कसला, घोट्याएवढ्या पाण्यातून चालत गेला होता, बूट हातात धरून. परत येऊन त्याने तो नकाशात काढला, बारीक, एका दमात, हात न उचलता... आणि साहेबांनी जुना नकाशा बघितला, त्यात ओढा नव्हता, म्हणून पातं काढून कागदावर आडवं धरलं आणि अगदी मायेने, गालावरचा साबण काढावा तसा, तो खरवडून टाकला. "कसं, आता स्वच्छ झालं," म्हणाले. तो हो म्हणाला. मी हो म्हणालो. त्या संध्याकाळी घरी येऊन पाठकोऱ्या कागदावर तोच ओढा पुन्हा काढला, आणि नुसता ओढा बरा दिसेना म्हणून भोवती देश काढला.

जगात ती एकच जागा होती, जिथे त्याला कोणी काही सुधारून दिलेलं नव्हतं. आणि आता हे. एक शब्द राहू दिला तर उद्या दुसरा येईल, परवा ती दुष्काळ रद्द करील, आपण आपल्याच देशात भाडेकरू होऊ... त्याने खण उघडला. पातं त्याच्याकडेही होतंच. आरेखक निवृत्त होतो, पातं होत नाही. ते त्याने 'लु'वर ठेवलं, आडवं, हलक्या हाताने – आणि थांबला. तो हात ओळखीचा होता. ती माया ओळखीची होती. एवढी वर्षं मी ज्याला अकरा शिव्या घडवत बसलो तो माझ्याच मनगटात येऊन बसलाय, आणि आता तो म्हणणार, स्वच्छ झालं.

त्याने पातं खणात टाकलं आणि पलीकडच्या खोलीत गेला.

"अगं, माझ्या वहीला हात लावलास?"

तिच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्या एकेक काढून उशीत खोचल्या.

"कुठल्या?"

"नवव्या."

"नववीला लावलाय. सातवी आता नाही बघवत. काय ते दुष्काळावर दुष्काळ. एवढं काय केलं होतं हो त्या लोकांनी?"

"म्हणजे तू... वाचतेस?"

"बावीस वर्षं झाली. दाढी करताना आरशासमोर भाषणं ठोकता कुठल्याशा भाषेत. मला वाटलं, बाईबिई आहे कोणी. शोधलं तर अख्खा देश निघाला. म्हटलं, देश परवडला."

तो स्टुलावर बसला. स्टुलावर कापलेल्या बाह्या होत्या. तिने त्या त्याच्याखालून ओढून घेतल्या.

"आणि हा शब्द कशाला घातलास?"

"नव्हता म्हणून. साहेबाला अकरा आहेत तुमच्याकडे. ह्याला एक नको?"

"ह्याला म्हणजे कशाला?"

तिने कापड सरळ केलं आणि ते वाक्य म्हटलं. ओलमीत. सगळं, एका दमात, दूध उतू जातंय असं सांगावं इतक्या सहजपणे. ही भाषा त्याने आजवर फक्त स्वतःच्या तोंडून ऐकली होती, राजाच्या थाटात, शब्दाशब्दाला थांबत. तिच्या तोंडून ती भरभर गेली, दोन शब्द एकमेकांवर आपटले, शेवटचा निम्मा गिळला गेला, आणि त्याच्या अंगावर काटा आला. असंच बोलत असणार ते तिथे. बाजारात. दारात उभे राहून.

"अगं पण अर्थ?"

"राजे ना तुम्ही तिथले? काढा शोधून." तिने टाचण्या पुन्हा तोंडात धरल्या. दरबार बरखास्त.

आठ पावलांवरच्या आपल्या टेबलापाशी तो परतला, पण कसा – चौदा लढायांत ओलमेरच्या कोणत्याही राजाला मिळाली नव्हती अशी मिरवणूक त्या आठ पावलांत निघाली होती, आणि कुणी बघत असतं तर त्यांना फक्त पायजम्यातला एक माणूस विनाकारण छाती काढून चालताना दिसला असता. काल रात्रीपर्यंत ओलमेरमध्ये एक पान हललं तर ते मी हलवलेलं असायचं. आज तिथे काहीतरी चाललंय, रोज चालतं, दुपारचं, आणि ते मला कळू नये याची लोकांनी तजवीज केली आहे... बावीस वर्षं. माझ्या पाठीमागे. अहो, याला देश म्हणतात.

दुपार झालीच होती. त्याने कान दिले. मशीन थांबलं, दोरा तुटल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग ती स्वतःशीच थोडंसं हसली असावी... हे का? की हसण्याच्या आधीचं ते, रिकामं? की ते तिचं, आणि माझा लुहाने निराळा, आणि तो मी इतकी वर्षं नाव नसल्यामुळे बघितलाच नाही? विचारायला जावं असं वाटलं. गेला नाही, सांगायचा नसतो. तो खुर्चीत अगदी कडेला बसला, अनोळखी स्टेशनावर उतरलेला माणूस सामान पायाशी धरून बसतो तसा, थोडा भांबावलेला, बेसुमार खूश – सहाशे बारा वर्षांनी प्रथमच त्याला तिथे कोणाला तरी वाट विचारावी लागणार होती.