तेजरामच्या तळहाताखाली

मी कॅसेट बोलतेय. जरा मोठ्यानंच बोलते, तेवढं सांभाळून घ्या. माझ्या पोटात जी माणसं भरली होती, त्यांना हळू बोलणं कधी जमलंच नाही.

हेवी मेटल म्हणतात त्या संगीताला. गिटारी किंचाळतात, ड्रम आदळतात आणि गाणारा असा ओरडतो की जणू कुणी त्याचं घर पेटवलंय. आमचा बँड तसा जुना, नावाजलेला. कितीतरी पोरांनी त्यांचं ऐकूनच गिटार हातात घेतली. पुढे तीच पोरं मोठी झाली आणि म्हणायला लागली, म्हातारे संपले आता. बरीच वर्षं म्हातारे गप्प होते. मग सत्त्याऐंशी साली त्यांनी नवा अल्बम काढला. तो अल्बम म्हणजे मी! तोरा थोडा असणारच की नाही?

नागपूरच्या एका दुकानातून मला पुष्पलतानं उचललं. ही भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीतल्या तेजरामची मुलगी, नागपूरला नर्सिंग शिकते. खोलीत तिच्याबरोबर शिलाँगची एक मैत्रीण राहते, तिनं हिला आमच्या बँडचा नाद लावला. उन्हाळ्याच्या सुटीत पुष्पलतानं मला कपड्यांच्या घडीत गुंडाळलं आणि छोट्या रेल्वेनं बालाघाटला आणलं. तिथून पुढे सायकलच्या कॅरिअरवर खाणीच्या वस्तीत.

घरात पाय ठेवला आणि पहिली तक्रार माझ्या तोंडावरूनच. माझ्या वेष्टनावर बैलाची कवटी आहे, शिंगं पेटलेली. पुष्पलताची आई शेवंताबाई दोन पावलं मागं सरकली.

"अवं माय! हे काहून आणलं वं घरात? असं ध्यान कोन घेते इकत?"

"गाण्याची कॅसेट हाय आई."

"मंग गानाऱ्याचा फोटो नाही काय भेटला त्यायले?" असं म्हणून तिनं मला पालथं घातलं. रोज सकाळी झाडू मारताना ती मला न चुकता पालथं घालायची आणि पुष्पलता न चुकता सरळ करायची. मला दोघीही आवडायच्या.

खरं दुखणं मात्र वेगळंच होतं घरात. तेजराम खाणीत ड्रिल चालवायचा आणि वस्तीच्या भजनात ढोलक वाजवायचा. त्याच्या थापेवर माणसं झोपेतून उठून यायची म्हणे. आदल्या वर्षी त्याला मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. उजव्या कानाशी ओरडलं तर थोडंफार पोचायचं, बाकी सगळं बंद. कामावर त्याला खाणीच्या वर, हजेरीच्या खोलीत बसवलं होतं.

कान गेल्यावरही तो एकदा भजनाला बसला होता. वाजवता वाजवता त्यानं मान वर केली, तर काय दिसलं? टाळवाले एकमेकांकडे बघून हात रोखत होते. सगळं मंडळ त्याच्यासाठी थांबत, सावरत चाललं होतं. कुणी हसलं असतं तर त्याला चाललं असतं. ही दया मात्र लागली. त्यानं ढोलक बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "माह्यासाठी भजन लंगडं नोका करू." तेव्हापासून ढोलक खुंटीला. घरातही तो बोलेनासा झाला. शेवंताबाई त्याच्यापुढं ताट ठेवायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. आता तर त्यानं रामपायली गावच्या भोजराजला निरोपच धाडला होता, तुमच्या मंडळासाठी ढोलक घेऊन जा. आणि भोजराज हौसेनं येणारही होता.

एके दिवशी पुष्पलता तांदूळ निवडत बसली होती आणि मी टेपरेकॉर्डरमध्ये गर्जत होते. टेप एका रिकाम्या लाकडी पेटीवर ठेवलेला. तेजराम बिडी पेटवायला माचीस शोधत आला. माचीस नेमकी टेपवर होती. त्यानं हात टेकवला आणि तसाच ठेवला. मग पूर्ण तळहात स्पीकरच्या जाळीवर दाबला. पुष्पलताचे तांदूळ तिथंच राहिले.

हात न काढताच त्यानं विचारलं, "कोन वाजवते हे?"

ती त्याच्या उजव्या कानाशी ओरडली, "म्हातारे हायेत बाबा! लोक म्हनत होते, संपले म्हनून!"

"मंग?"

"मंग काय? वाजवून राह्यले!"

तेजराम हसला. शेवंताबाई चुलीपुढून धावत आली ते हसणं बघायला, हातात पीठ तसंच.

त्यानंतर मी रोज त्याच्या तळहाताखाली वाजले. काय सांगू तुम्हाला! लोकांनी मला कानांनी ऐकलं असेल, पण असं कुणी ऐकलं नसेल. ड्रिल धरून घट्टे पडलेला तो हात, पण कुठला ठोका खोल, कुठला उथळ, सगळं त्याला कळायचं. दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर वाजायला लागली. एक दिवस त्यानं ढोलक खाली काढलं आणि त्याच्या दोरीतल्या कड्या एकेक करून आवळल्या. मी तर आतल्या आत नाचत होते.

भोजराज यायचा तो दिवस उजाडला. दुपारीच तेजरामचा जुना मित्र महागू आला. हा भजनाचा मुख्य गाणारा. एक गुडघा वर घेऊन बसतो आणि गाताना टाच फळीवर अशी हाणतो की बसायचं अख्खं लाकडी तखत हादरतं. दोघं घरातल्या तखतावर बसले. महागूनं सूर धरला, टाच हाणली. त्या टाचेचा धक्का फळीतून तेजरामच्या अंगाला पोचला आणि त्यानं थाप टाकली. भजन संपलं तसा महागू ओरडला, "एक ठोका नाही चुकला गा!"

तेजरामचा चेहरा पडला. "तू मांगच्या टायमालेबी असाच म्हनला होता. तुमी सारे मले बरं वाटावं म्हनून बोलता. नेऊ दे भोजराजले."

महागूनं देवाची शप्पथ घेतली. शेवंताबाई रडकुंडीला आली, "अवो, खरंच चांगलं वाजलं!" पण तिचा नवरा मान हलवत राहिला. त्याला कुणाच्या तोंडावर भरवसा नव्हता. खरं आहे, स्वतःचं वाजवणं त्याला कोण दाखवणार?

तेवढ्यात पुष्पलतानं माझ्याकडे पाहिलं आणि मी ओळखलं, आता माझी पाळी.

घरात दुसरी कॅसेट नव्हती. माझ्यासारख्या भरलेल्या कॅसेटवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून पाठीला खाचा ठेवलेल्या असतात. त्या पोरीनं कागदाचा बोळा करून खाच बुजवली! मी चिडले, मनातल्या मनात काय काय बोलले ते इथं सांगत नाही. इतक्या वर्षांनी तोंड उघडलेले माझे म्हातारे, आणि त्यांच्यावर बोळा? पण ती मला हातात घेऊन क्षणभर थांबली. "माफ कर वं," म्हणाली. मला! कॅसेटला! मग राग कुठला टिकतो?

रेकॉर्डिंगची दोन बटणं एकदम दाबली गेली. महागूनं तेच भजन पुन्हा धरलं. पहिलं गाणं माझ्यातून निघून जाताना मला कळत होतं. गिटार गेली, मग तो ओरडणारा गेला. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण त्याच जागेवर टाच आणि थाप येऊन बसत होती, आणि ती जागा काही वाया जात नव्हती.

पुष्पलतानं मला मागं फिरवलं, टेप पेटीवर ठेवला आणि बापाचा तळहात जाळीवर ठेवला.

तो डोळे मिटून शोधत होता. महागूची टाच वेगळी लागेल, आपली थाप मागून येईल, अशी त्याची खात्रीच होती. दोन धक्के शोधत होता बिचारा. दर फेऱ्याला समेवर टाच आणि थाप मिळून एकच धक्का येत होता. त्यानं दुसराही हात ठेवला. पुन्हा एकच. तेजरामच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. शेवंताबाईनं पदरानं पुसलं.

संध्याकाळी भोजराज आला, सोबत ढोलक बांधायला चादर घेऊन. तेजरामनं ढोलक मांडीवर ओढलं. "नाही भेटत गा. बस, चाय पी. आइकून जाय."

आता मी पुष्पलताबरोबर नागपूरला जात नाही, इथंच असते. शेवंताबाई मला पालथी घालत नाही, पण कवटीवर तिनं हळदीचं बोट लावलंय, कशाला ते तिलाच ठाऊक. तुमच्या घरी कुणी एखाद्या कॅसेटवर आपल्या माणसाचा आवाज भरला असेल तर ती नीट ठेवा बरं. उन्हात टाकू नका.

आणि कधी भरवेलीला आलात तर माझी पहिली बाजू नक्की ऐका. भजन संपतं. मग थोडी शांतता, आणि तेजरामचा घाबरलेला आवाज: "जमलं काय वं, पुष्पे?" तिचं उत्तर माझ्यात नाही, कारण तिनं तिथंच बटण बंद केलं होतं. खटका होतो, आणि जे पुसायचं राहिलं होतं तिथून, गाण्याच्या मधूनच, माझे म्हातारे जीव खाऊन ओरडायला लागतात. मला तर ते दरवेळी "हौ! हौ!" असंच ऐकू येतं.