आधी बडवा, मग हात घाला

मी एक पिशवी बोलतेय. हसू नका, पण गेल्या जन्मी मी पँटीचा उजवा पाय होते! देवळाली प्रवराच्या अंगणवाडीतल्या मदतनीस साळूबाईंनी नवऱ्याची जुनी पँट कापली, तळ शिवला, तोंडाला नाडी ओवली आणि मला तिथं शिकवणाऱ्या मरियमबाईंच्या हातात दिलं. "घ्या मॅडम! आमचे मालक कवा शाळेत गेले न्हाईत, त्यांची प्यांट तरी जाऊ द्या."

बाई माझ्या पोटात रोज काहीबाही भरायच्या. घोसाळ्याची जाळी, चिंचोके, कापूस, दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड. मुलांनी न बघता हात घालायचा आणि सांगायचं, खरखरीत की गुळगुळीत, मऊ की टोचरं. काय गुदगुल्या व्हायच्या हो! नोहा नावाचं एक कार्टं तर सगळ्यालाच "मऊ" म्हणायचं. बुरकुंडसुद्धा मऊ!

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर आरती आली. साडेचार वर्षांची. तिची पाळी आली की दोन्ही हात पाठीमागे. आठ दिवस झाले, हात काही पुढे येईना. "भित्री भागूबाई!" नोहा ओरडला, सगळी पोरं खिदळली. दुसऱ्या दिवसापासून ती दारातच बसू लागली. मला फार वाईट वाटलं. माझ्यापायी पोर वर्गाबाहेर पडली होती.

शेवटी बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "आत काय असेल असं वाटतं गं तुला?"

"इच्चू," आरती पुटपुटली. "आई म्हनती, पाचटात न बघता हात घालायचा न्हाई. आदी काठीनं बडवायचं."

बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं बाई! शहाणी तूच, आणि आम्ही तुलाच भित्री म्हणतोय!" त्यांनी फूटपट्टी तिच्या हातात दिली.

आरतीनं मला असं बदडलं, असं बदडलं, की पँट असताना धोपाटण्यानंही कधी बदडलं नसेल. मग जरा कान देऊन ऐकलं. आणि घातला हात, पार खांद्यापर्यंत.

"खरखरीत! घोसाळं हाय!"

"ए, पट्टी मला पन दे की," नोहा म्हणाला.

होळीनंतर कारखान्याचा हंगाम संपला, टोळी गावी गेली. आरतीही गेली, पण तिची रीत राहिली. आता हात घालण्याआधी प्रत्येक पोर मला बडवतं. माझी शिवण उसवलीय, साळूबाई नवी पिशवी शिवायचं म्हणतात. खुशाल शिवा. फक्त तिलाही आधी बडवा, अगदी जोरात. दिवाळीनंतर टोळी परत आली आणि तो आवाज कानावर पडला, तर आरती दारात बसायची नाही.