तुसावरचे तांदूळ

मनुबाईने कणगीत हात घातला आणि तो थेट कोपरापर्यंत खाली गेला. एवढा खोल तो जायला नको होता. भरल्या कणगीत मनगट बुडलं की पुढे जोर लावावा लागतो. इथे वीतभर तांदूळ लागले आणि त्याखाली हाताला अडवणारं काही उरलंच नाही. तिने मूठ भरून हात वर काढला आणि कौलांच्या फटीतून येणाऱ्या उजेडात उघडला. चार दाणे तांदूळ, बाकी सगळं भाताचं तूस. फटीतून वाऱ्याचा झोत आला, त्यातलं निम्मं उडालं आणि तिच्या ओल्या लुगड्याला चिकटलं.

माळ्याखालून, चुलीपासून, तुळशीची हाक आली.

“मनुबाय, उतर गो खाली. पेजेला माझ्यातले तांदूळ घेतलेत मी. तू कशाला चढलीस?”

मनुबाई उतरली नाही. शेजारच्या टोपलीवरचं फडकं तिने सोडलं. वरचा थर बोंबलांचा होता, तिने स्वतः वाळवलेल्या. तो उचलला तर खाली माडाच्या सुक्या झावळ्या, नीट कापून घट्ट दाबलेल्या. मिठाचं मडकं मात्र भरलेलं होतं. आमसुलं होती. घासलेटचा डबा, पत्र्याच्या डबीतल्या काड्याच्या पेट्या, सुंठ, वेखंड, सगळं जागच्या जागी. नेणाऱ्याने पोटाला लागणारं तेवढंच नेलं होतं.

सकाळी तिचं घर गेलं होतं. तीन दिवसांचं वादळ आणि त्यात अवसेचं उधाण. उजाडता उजाडता समुद्र बांध ओलांडून खालच्या आळीत शिरला आणि घराच्या पुढच्या भिंती, कुडाच्या आणि मातीने लिंपलेल्या, पाण्यात बसल्या. कमरेइतक्या पाण्यातून ती तांब्याचा हंडा तेवढा डोक्यावर घेऊन टेकाडावर मैत्रिणीच्या, तुळशीच्या घरी आली. वाटेत बायका रडत होत्या, कुणी देवाला हाका मारत होतं. मनुबाईच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. भिंती काय, पुन्हा उभ्या करता येतात. तिची आगोट वर, तुळशीच्या माळ्यावर होती.

नागावच्या दक्षिणेला असलेल्या त्या कोळीवाड्यात मिरगाआधी घरोघर आगोट भरत. होड्या एकदा किनाऱ्यावर ओढल्या की नारळी पुनवेपर्यंत समुद्र बंद. तेवढ्या दिवसांचे तांदूळ, सुकी मासळी, मीठ, लाकूडफाटा घरात घालून ठेवायचा. बाकीच्या बायका पावसाळ्यापुरतं भरत, मनुबाई वर्षाचं भरी. वाड्यातले लोक तिची थट्टा करत. “मनुबाय, जगबुडी आली तर आमी सगळी तुझ्याकडं,” असं म्हणत. ती हसण्यावारी नेई.

यामागचं कारण एकट्या तुळशीला ठाऊक होतं. दहा वर्षांमागे मानमोडीची साथ आली, त्या साली मनुबाईच्या घरात आगोट निम्मीच होती. नणदेकडे कार्य निघालं म्हणून उरलेली निम्मी तिने आनंदाने देऊन टाकली होती. मग सगळं घर एकदम तापाने पडलं. दाराकडे माणूस फिरकेना. नवरा, धर्माजी, पाचव्या दिवशी गेला. चार वर्षांची लेक, केसर, त्यानंतर अकरा दिवस जगली. कणगीचा तळ खरवडून केलेली शेवटची पेज ती प्यायली, आणि पुढे तीन दिवस घरात शिजवायला काही नव्हतं. ती गेली तेव्हा तिचा ताप उतरलेला होता. नऊ वर्षांचा मुलगा सदा तेवढा वाचला.

तेव्हापासून आगोटीला वेळेआधी हात लावायचा नाही, हा मनुबाईचा नियम. सदा मोठा होऊन मुंबईला गिरणीत लागला, दोन वर्षांमागे घरी आला आणि खोलीतल्या गड्यांसाठी शेरभर सुकट मागू लागला, तेव्हाही तिने मान हलवली होती. “ती आगोट हाय. बाजारात मिळते सुकट.” सदा हसला होता. “आये, तुझी आगोट म्हणजे देवळातला देव. बघायचा, घ्यायचा न्हाय.” आणि तो रिकाम्या हाताने गेला होता.

पाच वर्षांमागे खारं पाणी घरात येऊन कणगी भिजली, तेव्हापासून तिची आगोट तुळशीच्या माळ्यावर राहू लागली. दर अवसेला ती टेकाड चढून येई, कणगीत मनगटापर्यंत हात घाली, टोपलीवरचं फडकं उचलून बघे आणि उतरे.

आता ती उतरली ती मूठ मिटलेली ठेवूनच. चुलीजवळ येऊन तिने ती तुळशीसमोर उघडली.

“कवापासून?”

तुळशीने फुंकणी खाली ठेवली. तिचा नवरा काळूराम दाराशी जाळं सांधत बसला होता. त्याचा हात थांबला, पण त्याने मान वर केली नाही. त्यावरून मनुबाईला कळलं की त्यालाही ठाऊक आहे.

“ज्येष्ठापासून,” तुळशी म्हणाली.

“तुमी खाल्लंत?”

“अगो न्हाय! तुझा एक दाणा आमच्या पोटात गेला असंल तर ही चूल साक्षी.”

“मंग?”

पेज उतू जायला आली. तुळशीने झाकण काढलं, पळी फिरवली, पुन्हा झाकण ठेवलं.

“सदानं नेलं,” ती म्हणाली.

मनुबाईला ते चटकन उमगलं नाही. सदा मुंबईत होता. चैत्रापासून गिरण्या बंद होत्या, मोठा संप होता, हे तिने ऐकलं होतं. वैशाखात त्याचं कार्ड आलं होतं आणि शाळेच्या मास्तरांनी ते वाचून दाखवलं होतं. मी खुशाल आहे, लवकरच मिटेल, काळजी करू नये. तिने काळजी केली नव्हती.

“सदा कवा आला?”

“तीनदा आला. ज्येष्ठात एकदा, आखाडात दोनदा. बोटीनं रेवसला उतरून चालत. मागच्या वाडीतून यायचा, डोक्यावर इरलं. त्या पावसात कोण कुणाला वळखतो? खोलीत सहा जणं हायत, बोलला. एकाची बायको बाळंतीण. सगळी उपाशी.”

“माझ्याकडं न्हाय आला.”

“न्हाय.”

“तीनदा आला नि खाली उतरला न्हाय.”

तुळशीने पदराने तोंड पुसलं. “शपथ घातली मला. तुझी घातली गो, तुझ्या जिवाची. मी काय करायचं?”

मनुबाई खाली बसली. तळव्याला चिकटलेलं तूस ती दुसऱ्या हाताच्या बोटाने एकेक करून काढू लागली.

“तूस कुणी भरलं?”

तुळशीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

“त्यानं सांगितलं भरायला?”

“न्हाय,” तुळशी हळूच म्हणाली. “ते माझंच डोकं. तू दर अवसेला येतेस, हात घालून बघतेस. तुला रिकामं लागलं असतं तर तुझा जीव गेला असता.”

“नि झावळ्या?”

“त्यापण मीच.”

गेल्या अवसेला मनुबाई माळ्यावर आली होती तेव्हा तुळशी दिवा धरून तिच्या शेजारी उभी होती. मनगटापर्यंत हात घालून मनुबाई म्हणाली होती, “हे हाय म्हून झोप लागते बघ.” आणि तुळशी म्हणाली होती, “व्हय गो.” दिवा जरासुद्धा हलला नव्हता.

“मला सांगायचं होतंस,” मनुबाई म्हणाली.

“सांगितलं असतं, तर दिलं असतंस?”

तुळशीच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. दिलं असतं. पोर उपाशी आहे हे कळतं, तर मनुबाईने सगळी कणगी डोक्यावर घेऊन रेवसचा धक्का गाठला असता. पण रिकाम्या कणगीपाशी बसून हे म्हणायला काय लागतं? आणि ऐकणाऱ्याने ते का खरं मानावं? पोटच्या पोराने मानलं नव्हतं. तिला न विचारताच दोघांनी तिचं उत्तर ठरवून टाकलं होतं.

तिने हात झटकले.

त्या वर्षी श्रावण दोन आले होते, अधिक आणि निज, त्यामुळे नारळी पुनव लांबली होती. होड्या सुटायला अजून पंधरा दिवस होते. खाडीचं पाणी शेतांत भरलं होतं, अलिबागकडचा रस्ता तुटला होता. तुळशीची कणगी दोघांपुरती भरलेली आणि आता खाणारी तोंडं तीन. दिवसातून एकदा पेज व्हायची. तुळशी वाटीत ओतताना खालची घट्ट शितं मनुबाईकडे वळवायची. मनुबाईला ते दिसायचं आणि ती खायची. खाल्ल्यावाचून भागत नव्हतं. ज्या घरात फसली त्याच घरातलं खायचं, आणि पुन्हा त्याच घरात आडवं व्हायचं.

आठव्या दिवशी दोघी पडवीत ओली लाकडं सुकत घालत होत्या. मनुबाईने विचारलं.

“त्याला जेवू घातलंस?”

तुळशीचा चेहरा उजळला. आठ दिवसांत मनुबाईने आपणहून काढलेलं हे पहिलं बोलणं होतं.

“घातलं तर! भात नि सुकटीचं कालवण. पहिल्या दोन्ही खेपेला पोटभर जेवला. तिसऱ्या खेपेला तेवढी पेज.”

“पेज का?”

तुळशीने हातातलं लाकूड खाली ठेवलं. बोलून गेल्याचं तिच्या ध्यानात आलं.

“अंग गरम होतं जरा त्याचं.”

“तापला होता?”

“जरासाच. एक दिस ठेवून घेतला. काढा दिला. दुसऱ्या सकाळी उठला नि गेला चालत. काय न्हाय झालं गो त्याला. तू घाबरशील म्हून...”

मनुबाईच्या हातात लाकूड होतं. ते तिने इतर लाकडांच्या रांगेत, सरळ, नीट मांडलं. टेकाडाच्या पायथ्याशी तिच्या घराचे उघडे वासे इथून स्वच्छ दिसत होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिचा मुलगा तापाने या घरात पडला होता, आणि त्या दिवशी ती खाली जात्यावर काहीतरी दळत बसली असेल, किंवा कुणाशी हसत बोलत असेल.

केसरचा ताप, तिची पेज, ते तीन दिवस, हे तिने आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं.

ती उठली. माळ्यावरून तिने मिठाचं मडकं, काड्याच्या पेट्या, सुंठ आणि वेखंड खाली आणलं, हंड्यात भरलं आणि हंडा डोक्यावर घेतला.

“अगो कुठं चाललीस? भिंती न्हाय तुझ्या घराला!”

“झावळ्यांचे झाप लावीन.”

“वेड लागलं का? मनुबाय! काय खाशील तू?”

ती टेकाड उतरत राहिली. तुळशी वाटेपर्यंत मागे आली आणि तिथेच थांबली.

पुनवेपर्यंतचे दिवस मनुबाईने ओहोटीला खडपाच्या खडकांवरची कालवं फोडून आणि टाकळ्याची भाजी उकडून काढले. दोनदा उंबऱ्यावर कुणीतरी तांदळाने भरलेलं सूप ठेवून गेलं. तिने ते वरच्या वाटेवर नेऊन ठेवलं. काळूराम एकदा कारवीच्या काठ्यांचा भारा घेऊन आला आणि कूड बांधू लागला. त्याला तिने अडवलं नाही. होड्या सुटल्या, मासळी आली, वाडा पुन्हा गजबजला. किनाऱ्यावर तुळशी समोर आली की मनुबाई विचारलं तेवढ्याचं उत्तर देई. भांडण झालं नव्हतं, म्हणून वाड्याला काही कळलंही नाही.

संप मिटल्याची बातमी दसऱ्याच्या सुमारास आली. दिवाळीला चार दिवस असताना भर दुपारी सदा आला. या वेळी समोरच्या वाटेने, माणसांना हाका मारत, विचारपूस करत. खांद्यावर गोण होती.

मनुबाई वाळूत बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांची तोंडं एकात एक अडकवायची आणि जोडी दोरीवर टाकायची, असं तिचं चाललं होतं.

“आये!” तो लांबूनच ओरडला. “मिटलं बघ सगळं. कामावर घेतलं परत. शिमग्यापासून तुझं तोंड न्हाय बघितलं. बोललो, दिवाळीला जायाचंच.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. सदरा नवा होता. गालफडं आत गेलेली होती, आणि हसला की डोळ्यांखालची कातडी सुरकुतत होती. तो अजून वीस वर्षांचाही नव्हता.

“बस,” ती म्हणाली. “पाणी पी.”

“पितो. आधी हे ठेवू दे. तांदूळ आणलेत तुझ्यासाठी, जुने. रेवसवरनं बैलगाडीत टाकून आणले.” त्याने नव्या कुडाकडे नजर टाकली आणि चटकन वळवली. “तुझ्या आगोटीत घाल. कुठं ठेवू?”

मनुबाईने दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून दोरीवर टाकले आणि ते सारखे लोंबतात का ते पाहिलं.

“वर तुळशीकडं नेऊन टाक,” ती म्हणाली. “वाट तुला ठाव हाय.”

सदाचं हसू ओठांवर होतं तसंच राहिलं. गोण खाली ठेवावी की टेकाडाकडे वळावं, हे त्याला कळेना. मनुबाईने टोपलीतून पुढचे दोन बोंबील उचलले.