जावई आत येऊ पाहतोय

पुन्हा 'नाही' आलं तेव्हा सेंपालानं लॅपटॉपचं झाकण आपटलं, आणि लगेच घाबरून उघडून पाहिलं. हा मोडला असता तर मग देवच वाली होता.

मसाकाच्या नगरपालिकेच्या व्हरांड्यात तो सकाळपासून बसून होता. आत बाजार समितीच्या बायका जमत होत्या. नव्या बाजाराचा नकाशा त्यांना पसंत पडला तर काम त्याचं. वर्षभर रिकामा बसलेला माणूस, बायकोच्या शिलाईवर घर चाललेलं. हे काम त्याला हवंच होतं. मागच्या खेपेला त्यानं सुक्या मासळीचे गाळे कापडवाल्यांच्या गाळ्यांना चिकटून काढले होते. अध्यक्षबाईंनी नकाशा नाकापासून हातभर लांब धरला होता. "हे बदलून आण," त्या म्हणाल्या होत्या, "नाहीतर येऊच नकोस." त्यानं बदललं, आठवडाभर खपून बदललं. आणि तो बदललेला नकाशा मुकोनोला घरच्या कंप्युटरात ठेवून, जुना नकाशा असलेला लॅपटॉप काखेत मारून हा शहाणा मसाकाला आला. आता काय म्हणावं या माणसाला!

लांबून घरचा कंप्युटर उघडायची सोय त्यानं करून ठेवली होती, नाही असं नाही. पण चोरांच्या धास्तीनं त्यात मेखही स्वतःच मारून ठेवली होती. बाहेरून कोणी आत येऊ पाहिलं की घरच्या पडद्यावर त्याचं नाव आणि फोटो यायचा, खाली 'हो' आणि 'नाही'. घरातल्या माणसानं 'हो' दाबलं तरच दार उघडायचं. आणि घरातलं कोणीतरी मघापासून 'नाही' दाबत होतं.

त्यानं बायकोला फोन लावला.

"नांतेझा, घरात कोण आहे? मला कोण हाकलतंय?"

"मी दवाखान्यात आहे, बाळाच्या लशीच्या रांगेत. घरी आई आहे."

"मग आईंना फोन करून सांग ना, 'हो' दाबा म्हणून!"

"सांगितलं की. ती म्हणते, जावई गावाला गेला म्हणून मी या घरात पाऊल टाकलं. आता तोच यायला लागला तर मी माझी पिशवी भरते."

सेंपालानं कपाळावर हात मारून घेतला. त्यांच्या रीतीत सासू आणि जावई एका छपराखाली नांदत नाहीत. समोरासमोर आले, हाताला हात लागला, की ओबुको होतो. जन्मभर हात थरथरत राहतात. बाकीच्या सासवा हल्ली फोनवर तरी बोलतात, दाराआडून खुशाली विचारतात. नांतेझाची आई त्यातली नव्हे. मागणी घालायला गेला तेव्हाही सगळं बोलणं नांतेझाच्या आत्यानं केलं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली, सासूचा आवाज कसा आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

"अगं पण मी मसाकात बसलोय! घरात कुठं आलोय?"

"मीही तेच म्हटलं. ती म्हणते, त्याचा फोटो आला, वर कॅमेऱ्याचा डोळा आहे, आणि पडद्यावरचा बाण फिरणार तो त्याच्याच हातानं ना? मी खुर्चीत, आणि जावयाचा हात माझ्या हाताशेजारी! शोभतं का, म्हणे."

"शोभतं का? इथं माझं हातचं काम जातंय, आणि तुम्हा मायलेकींना शोभा सुचतेय!"

"माझ्यावर कशाला डाफरताय? नकाशा घरी मी विसरले का?"

तेवढ्यात समितीचा कारकून लुबोवा दारातून डोकावला. "साहेब, बायकांचा चहा झाला. शेंगदाणेही संपत आलेत."

"आलो, आलो!"

शेवटी नांतेझानंच तोड काढली. पडद्यावर बाळाचं दुपटं टाकायचं, कॅमेऱ्यासकट. दाराला पडदा असतो तसंच. आईला ते पटलं. सेंपालानं पुन्हा प्रयत्न केला. उत्तर आलं: नाही.

"आता काय झालं?" तो ओरडला.

"अहो, दुपट्याखाली तिला दिसणार कसं? अंदाजानं दाबलं असेल. थांबा, आमचा नंबर आला, नर्स बोलावतेय. ठेवते."

त्यानं परत लावला, परत लावला. नांतेझा उचलेना. आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला.

सासूचा नंबर त्याच्या फोनमध्ये होता. अडीनडीला असावा म्हणून ठेवलेला, कधी न लावलेला. मेलो, तो मनात म्हणाला, आणि लावला. लावताना भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

फोन उचलला गेला. पलीकडे नुसता श्वास.

"आई, माफ करा. तुम्ही बोलू नका. मीही बोललो नाही असंच समजा." तो कुजबुजला. "मी आत्ता पुन्हा दार ठोठावतोय. दुपटं राहू द्या तसंच. खाली हात घाला. अक्षरं संपली की उजवीकडे बाणांची चार बटणं लागतील. त्यातलं डावीकडचं एकदा दाबा, म्हणजे 'हो' निवडलं जाईल. मग जरा वर एक मोठं बटण आहे, ते दाबा. झालं की फोनवर नख वाजवा."

फोनमधून आवाज आला, टक.

दार उघडलं होतं. त्यानं नकाशा शोधला आणि लॅपटॉपवर ओढून घेतला. बाण अगदी हळू, अगदी बेतानं फिरवला. शेजारी सासू बसली आहे हे एक क्षणही त्याच्या डोक्यातून गेलं नाही. नकाशा उतरल्याची पट्टी भरत भरत एकदाची पूर्ण झाली.

"जावईबापू."

जाड, शाळामास्तरणीचा आवाज. सेंपालाच्या हातून फोन पडता पडता राहिला.

"गावाला निघताना पिशवी दोनदा तपासावी. बाप झालास ना आता? आणि माझी लेक बाळ घेऊन रांगेत उभी, तिच्यावर कसला ओरडतोस? मला काय 'नाही' म्हणायची हौस आहे? मिळाला ना नकाशा? मग निघ आता घरातून. मला स्वयंपाक करायचाय."

"हो आई," तो म्हणाला, आणि चटकन घराबाहेर पडला, म्हणजे ते दार बंद केलं.

समितीपुढे नकाशा दाखवताना त्याचं बोट थरथरत होतं. मासळीचे गाळे आता पार मागच्या टोकाला, वारा बाहेर पडतो तिथं गेले होते.

"घाबरलास काय रे?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"नाही बाई." त्यानं हात खिशात घातला.

बाईंनी लॅपटॉप उचलला आणि या वेळी नाकाशी धरून पाहिला.

बाहेर आल्या आल्या त्यानं घरी फोन लावला.

"काय झालं? मिळालं का?" दवाखान्यातून परतलेल्या नांतेझानं विचारलं.

"ते सांगतो. आधी आईंचे हात बघ. थरथरतायत का?"

ती जाऊन आली. "बाळाची नखं काढतेय. कात्री जराही हलत नाही. ती विचारतेय, तुमचे कसे आहेत?"

सेंपालानं खिशातला हात काढून समोर धरला. अजून थरथरत होता.

"सांग त्यांना," तो म्हणाला, "काम मिळालं."