पारूचा उजवा हात

पारू जन्मली ती खळ्यावर, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी. एकीकडे भाताच्या पेंढ्यांचा ढीग, दुसरीकडे झोडलेलं भात, आणि मधल्या सावलीत तिची आई राही आडवी पडलेली. दिवस भरायला अजून अवकाश होता, म्हणून तिचा नवरा मुकेश निवांत मोखाड्याच्या बाजाराला गेला होता. कुणीतरी दवाखान्याच्या गाडीला फोन केला. पण गाडी यायची ती वरच्या डांबरी रस्त्यापर्यंत, आणि पाडा खाली दरीत. तोवर थांबायला पोर तयार नव्हती.

बायडीआजी शेजारच्या खळ्यावर सुपानं भात वारवत होती. पाड्यातली अर्धी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. अलीकडे सगळ्या बाया बाळंतपणाला जव्हारला जात, आणि तिच्याकडे उरलं होतं ते बाळांना तेल लावणं नि न्हाऊ घालणं. तिनं सूप ठेवलं, हात धुतले आणि राहीच्या पायाशी बसली.

डोकं आलं आणि तिथंच अडकलं. खांदा सुटेना. बायडीनं राहीला गुडघे पोटाशी घ्यायला लावले, तरी सुटेना. बाळाचा चेहरा जांभळा पडत चालला. मग तिनं ते डोकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि ओढलं. भिजलेलं सूत ताणावं तसं तळव्याखाली काहीतरी ताणलं गेलं, आणि एकदम सगळं मोकळं झालं. पोर रडली.

नाळ कापून होईतो बायडीच्या ध्यानात आलं. डावा हात हवेत मुठी मारत होता. उजवा अंगाशी लोंबत होता, आत वळलेला, तळवा मागे, मनगट मुडपलेलं. कुणी पाठीमागे हात करून गुपचूप काही मागावं तसा.

गाडी आल्यावर माय-लेकीला जव्हारला नेलं. तिथं हाडाचा फोटो काढला. हाड शाबूत होतं. आठवड्यानंतर दवाखान्यात हातापायांचे व्यायाम करून घेणाऱ्या वनमालाबाईंनी राहीला बोलावलं, तेव्हा बायडी आपणहून जीपमध्ये बसली. घाटभर ती बाहेर बघत होती. दरीत धुकं भरलं होतं, आणि त्यात झाडांचे नुसते शेंडे तरंगत होते.

वनमालाबाईंनी बाळाच्या मानेपासून खांद्यावर बोट फिरवलं. "इथून शिरा निघतात. आपण म्हणतो तशा रक्ताच्या नाहीत, हाताला हुकूम पोचवणाऱ्या. मानेतून निघून काखेतून खाली उतरतात. वरच्या दोन ताणल्या गेल्यात. म्हणून खांदा उचलत नाही, कोपर दुमडत नाही."

मग त्यांनी आपलं बोट बाळाच्या उजव्या तळव्यात ठेवलं. बाळानं ते घट्ट धरलं.

"खालच्या शाबूत आहेत. हे चांगलं आहे."

"परत येल का हात?" राहीनं विचारलं.

"बऱ्याच बाळांचा येतो. शीर हळूहळू वाढते, दिवसाला एक मिलिमीटर. तीन महिन्यांत कोपर दुमडला नाही, तर नाशिकला मोठ्या डॉक्टरांना दाखवू."

"मिलि म्हणजे केवढा?" बायडीनं विचारलं. वनमालाबाईंनी बोटांच्या चिमटीत जवळजवळ काहीच नसल्यासारखं दाखवलं. "नागलीच्या दाण्याएवढा," बायडी स्वतःशीच म्हणाली.

राही बाळाला पाजायला बाहेर गेली, तरी बायडी उठली नाही.

"बाई, मीच ओढली ती. डोक्याला धरून."

वनमालाबाई तिच्यासमोर येऊन बसल्या. "ओढण्यानंच झालं असेल, आजी. आणि ओढलं नसतं तर पोर हाती लागली नसती. दोन्ही खरं आहे. आता मी दाखवते तसे हात चालवायचे. तुमची नेहमीची मालिश नको, हात आडवेतिडवे ताणणं नको, काखेत धरून उचलणं नको."

चाळीस वर्षं पोरांचे हात छातीवर उलटसुलट ओढून मोकळे करणाऱ्या बाईला पुन्हा शिकावं लागलं. एका हातानं खवाटा, खांद्यामागचं चपटं हाड, धरायचा, दुसऱ्यानं दंड सावकाश वर न्यायचा. कोपर कुशीला टेकवून पुढचा हात बाहेर वळवायचा. दिवसातून कितीदा तरी. सांधा आखडू द्यायचा नाही. शीर पोचेल तेव्हा तिला दार उघडं सापडलं पाहिजे, असं बाई म्हणाल्या होत्या.

थंडीचे दिवस गेले ते असे. सकाळी ऊन अंगणात उतरलं की बायडी पारूला मांडीवर घेई. ऊन, तेलाचा वास, शेजारी रिकाम्या झोळीची दोरी वाऱ्यानं करकरतेय; बायडीचा डोळा लागे. मग तिला दिसे, मातीच्या आत एक पांढरं मूळ चाललंय, दगडाला वळसा घालून, घाई न करता. ते आपल्याच छातीखालून जातंय असं वाटे. जाग आली की हात तसाच लोंबलेला. पण बोटं तिचा पदर धरून असत.

मुकेश एकदाच बोलला. "भगताला दाखवू का?"

"दाखव," बायडी म्हणाली, "पण हाताला हात लावू देऊ नको." तो विषय तिथंच राहिला.

तीन महिने पुरे व्हायला आठ दिवस उरले. बायडीनं घमेल्यात कोमट पाणी घेतलं आणि मानेखाली हात देऊन पारूला त्यात सोडलं. वाफ वर येत होती. पाण्यात उजवा हात हलका होऊन बाजूला तरंगला, आणि मग कोपरातून वाकला. जरासाच. झोपेत कुणी कूस बदलावी तसा.

बायडीला वाटलं, पाण्यानं हलला असेल. तिनं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी स्थिर होऊ दिलं आणि नुसती बघत बसली. पुन्हा वाकला. पाचव्या दिवशी मांडीवर, पाण्याबाहेर, पारूनं उजवी मूठ ओढत ओढत छातीवर आणली, तिथून हनुवटीवर, आणि शेवटी तोंडात घातली.

"राही," बायडीनं हळूच हाक मारली, "हे बघ."

राही चुलीपासून उठून आली आणि खाली बसली. दोघी बराच वेळ मूठ चोखण्याचा आवाज ऐकत होत्या. मग बायडीला राहवलं नाही.

"तुझ्या पोरीचा हात माझ्यानंच गेला होता. तू मला कधी विचारलं नाय."

"विचारायचं काय? मी तुझ्या तोंडाकडंच बघत होते तेव्हा." राहीनं पारूची लाळ पुसली. "तू भ्याली होतीस. भ्याली तरी सोडलं नाय."

बायडी रडली, आवाज न करता. राही तिथंच बसून राहिली. चुलीवरची भाकर करपली तरी उठली नाही.

नाशिकला जावं लागलं नाही. हात मात्र पुरा आला नाही. आज पारू दीड वर्षाची आहे. उजवा हात कानापर्यंत जातो, डोक्यावर जात नाही. वनमालाबाई म्हणतात, अजून थोडा सुटेल, व्यायाम सोडू नका. बायडीनं त्यानंतर बाळंतपण केलं नाही. पाड्यातल्या कुठल्याही बाईचे दिवस जवळ आले की पंधरा दिवस आधी ती स्वतः तिला घेऊन जव्हारला जाते आणि तिच्याबरोबर राहते.

राही रानात निघाली की पारू तिच्या कडेवर बसून दोन्ही हात तिच्या गळ्यात टाकते. उजवा मध्येच घसरतो. ती तो डाव्या हातानं उचलते आणि पुन्हा आईच्या मानेवर ठेवते.