नवरीच्या नावाची जागा

"खिडकीत मी बसणार," कमळी म्हणाली आणि बसलीसुद्धा. तिचा नवरा चिमण दवाखान्याची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी टेकला. समोर त्यांची लेक दक्षा. डहाणूहून वलसाडकडे जाणारी सकाळची गाडी, डब्यात पाय पसरायला जागा, चिकूच्या वाड्यांवरून येणारा खारा वारा. कमळी सहलीला निघाल्यासारखी बाहेर बघत होती. निघाली होती गळ्याच्या ऑपरेशनला.

कमळी तलासरीकडच्या पाड्यांवरची धवलेरी. तिकडे भटजी लागत नाही; धवलेरी गाते आणि लग्न लागतं. उन्हाळाभर गळा ठणकत होता, पण लोकांना शब्द दिलेले, म्हणून तिने दुखणं अंगावर काढलं. सुंठीवाचून खोकला जाईल म्हणाली. गेला नाही. डॉक्टरने सांगितलं, जीव वाचेल, आवाज नाही. आणि दक्षाचं लग्न माघात. दुसरी धवलेरी जवळपास उरली नव्हती. डीजे लावला की झालं, असं म्हणणारेच वाढले होते. दैवाला थोडी लाज असती, तर त्याने निदान माघ उलटू दिला असता.

"तवाच चल म्हणत होतो," चिमण पुटपुटला. "आता हे वरातीमागून घोडं."

"घरची वरात निघालीय कुठं अजून?" कमळी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

दक्षाने फोन काढला. "आये, लग्नाचं गाणं यात भर ना. माघात लावू."

"आन उद्या कोणी बाजारात वाजवलं, तर कोणाचं लगीन लागंल?"

ही तिची पक्की समजूत होती. हे गाणं जिथे पुरं होतं, तिथे लग्न लागतं. ती स्वतः दुसऱ्यांच्या मांडवात बसून बसून शिकली होती. मांडवाबाहेर तिने ते कधी गुणगुणलंही नव्हतं. मग कुणाला शिकवणार कशी?

"मंग माझं लगीन कोण लावंल?" दक्षाला रडू फुटलं. चिमण पिशवीचा बंद सोडत आणि बांधत बसला.

घोलवड मागे पडलं. कमळीने डोक्यावर पदर घेतला आणि गायला लागली. आवाज फाटलेला, पण सूर जागेवर. तिने धरतरीला आवतण दिलं, डोंगराला दिलं, समुद्राला दिलं. पलीकडच्या बाकावरच्या बायका वळून ऐकू लागल्या. मग नवरीच्या नावाची जागा आली, तसा चिमणने तिचा हात धरला.

"थांब, कमळे. पोरीचं लगीन नवऱ्याबिगर लावतेस काय?"

"घे माझं नाव, आये," दक्षा म्हणाली. "काय व्हायचं ते होऊ दे."

लोकांच्या लेकींची नावं कमळीने किती मांडवांत घेतली होती. पोटच्या पोरीचं नाव घ्यायला तिची जीभ रेटेना. तिला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं.

पण गाणं अर्ध्यावर टाकायची तिला सवय नव्हती. उंबरगाव जवळ आलं तसे तिचे ओठ पुन्हा हलू लागले. आवाज मात्र तिने बाहेर येऊ दिला नाही. डोळे मिटून ती पुढचं गाणं तशीच म्हणत राहिली.

दक्षा पुढे वाकून आईच्या ओठांकडे बघत होती. एकही शब्द तिला कळत नव्हता; आपलं नाव आलं की नाही, तेही नाही.